घरात आधीपासून तार आहे

नासका कांदा हाताला लागला की आई त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. नुसत्या वासावर उचलायची आणि भिंतीपलीकडे भिरकावून द्यायची. भिंतीपलीकडे दिराचं अंगण.

"आई, टोपली ठेवलीय की इथं," लेक म्हणाली.

"टोपली भरल्यावर ओतायला मलाच जायचं ना? हा जवळचा रस्ता."

पलीकडे बद्‌दिशी आवाज झाला. एक कोंबडी फडफडली. कुणी काही म्हटलं नाही. म्हणणार कसं? दहा-बारा वर्षांत त्या भिंतीवरून एक शब्द गेला नव्हता. कांदे तेवढे जायचे.

भांडणाचं मूळ म्हणजे एक बैल. दोघा भावांत मिळून एक बैल होता, आलटूनपालटून नांगराला धरायचे. धाकट्याच्या पाळीत तो मेला. धाकटा म्हणाला, आजारीच बैल माझ्या दावणीला बांधलास. थोरला म्हणाला, माझ्याकडून धडधाकट गेला होता. बैल मातीत गेला आणि वाद वर राहिला. बाजाराच्या दिवशी, धान्याच्या काट्यापाशी, सगळ्या गावासमोर थोरल्यानं शपथ घेतली, "आजपासून माझ्या घरातलं माणूस तुझ्या घरातल्या माणसाशी बोलणार नाही. बोललं तर माझी जीभ झडो." धाकट्यानंही तीच शपथ घेतली. मग अंगणात भिंत उभी राहिली. शपथ घेतली दोघांनी, पण भिंतीमागं चार माणसं कोंडली गेली. दोघांच्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं.

थोरला म्हणजे आबा, लेकीचे वडील. ते गेले तेव्हा कांदा अजून जमिनीत होता. तो काढून, वाळवून आता अंगणात ढीग लागला होता, आणि शहरातल्या कचेरीतली लेकीची रजा संपत आली होती.

"तू माझ्याबरोबर चल," तिनं आईला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं.

"गुरं कोण बघणार?"

"गुरं विकू."

"मग मलाही वीक. एका दावणीची आहोत."

शेवटी लेकीनं निर्वाणीचं सांगितलं. एकतर माझ्याबरोबर यायचं, नाहीतर घरात फोन घ्यायचा. शेताच्या कडेचं घर, हाकेच्या अंतरावर माणूस नाही. जे होतं ते बोलत नव्हतं. आबांसारखं झालं तर कुणाला कळणार? आईनं कांद्याची मान खुडत विचार केला. "घेते फोन. पण फुकटात बसणार असेल तर. लेकीच्या पैशाचा फोन वाजला तर मला तो उचलवायचा नाही."

लेकीकडे तरी पैसे कुठं पडून होते? आणि आबांच्या आजारपणात गेले म्हणावं, तर आजारपण असं काही झालंच नव्हतं. निदान सगळ्यांची समजूत तशी होती.

* * *

तालुक्याच्या फोन कचेरीत खिडकीमागच्या कारकुनानं चष्म्यावरून बघितलं.

"नवी जोडणी? शेवटचा खांब कुठं आहे?"

"काकांच्या घरासमोर. आमच्या शेजारीच."

"मग त्यांना सांगून त्यांच्या छपरावरून तार घ्या."

"ते बोलत नाहीत."

"मुके आहेत?"

"आमच्याशी बोलत नाहीत."

कारकुनानं हातातलं पेन खाली ठेवलं. असली घरं त्याला नवी नसावीत. "मग वळसा घालून दोन खांब रोवावे लागतील. खांबांचा खर्च, तारेचा खर्च, वर जोडणीचा आकार." त्यानं आकडा सांगितला. तेवढ्यात एक दुभती गाय आली असती.

"काही सूट नाही का?"

"एकच रस्ता आहे. घरात आधीपासून तार असली, तर आकार लागत नाही. आमचा माणूस येऊन बघतो, तारेचं तोंड तपासतो, आणि नुसता जोडून देतो. पण तुमच्या घरात कुठली तार असणार?"

"कुठली असणार!" लेक म्हणाली आणि उठली.

घरी आल्यावर आईनं आकडा ऐकला आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "दोन खांब! हत्ती बांधायचाय का? तो कारकून नि तो तारवाला, दोघांचं संगनमत असतं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं."

"आई, तू सगळ्यांवरच संशय घेतेस."

"सगळ्यांवर नाही." आईनं मान भिंतीकडे वळवली. आवाज खाली आणला. "एकावर. तू त्या दिवशी नव्हतीस. मी होते."

ही गोष्ट आईनं आल्यागेल्याला सांगितली होती. पण लेकीला सांगताना ती दर वेळी पहिल्यापासून सांगायची, जणू मधलं काही सुटलं तर गुन्हेगार सुटेल.

दिवस मावळायच्या सुमारास आबा वैरणीच्या कोठीत गेले, रोज जायचे तसे. गुरांना वैरण टाकायला त्यांना फार वेळ लागायचा. आईला वाटायचं, चोरून विडी ओढतात. "म्हटलं, ओढू दे. एवढ्या वयात एक चोरी असावी माणसाला." त्या दिवशी ती चुलीपुढं होती. एकदम भिंतीवरून कुणीतरी उडी मारल्याचा आवाज आला. ती बाहेर येते तो कोठीचं दार सताड उघडं. आत घुम्या.

घुम्या म्हणजे धाकटा दीर. गावानं नाव पाडलेलं. चार शब्द विचारले तर एक शब्द परत द्यायचा, तोही मोडका.

"ह्यांचं डोकं त्याच्या मांडीवर. आणि एक हात वैरणीत. खांद्यापर्यंत घातलेला! काय शोधत होता? मी ओरडायच्या आधी तो आला होता, गं. मी अजून काही पाहिलंच नव्हतं. कुणी बोलावलं त्याला? दहा-बारा वर्षं दार ओलांडलं नाही त्यानं, आणि नेमका त्या घटकेला?"

"आवाज आला असेल पडल्याचा."

"चुलीपाशी मला आला नाही, तो भिंतीपलीकडून त्याला आला? वैरणीवर पडलेल्या माणसाचा आवाज होतो?"

असं म्हटलं की लेक चिडायची. कोठीच्या खुंटीवर आबांचा जुना कोट अजून टांगलेला होता. रोज वैरण काढताना तिचा खांदा त्याला घासायचा, आणि रोज तिच्या मनात तोच प्रश्न यायचा: काकांना कसं कळलं?

* * *

तारवाला आला तो सायकलवरून, खांद्यावर तारेची वेटोळी आणि तोंडात पंचक्रोशीच्या बातम्या घेऊन. कुणाच्या फोनवर कोण किती वेळ बोलतं, कुणाची सून माहेरी काय सांगते, सगळं त्याला ठाऊक. स्वतः मात्र म्हणायचा, "आपण ऐकत नाही बाबा कुणाचं. कानावर पडतं."

त्यानं घराला एक फेरी मारली, मागच्या भिंतीपाशी थांबून वर बघितलं.

"अहो, दोन खांब कशाला? खांबावरून तुमच्या काकांकडे जी तार येते, तिच्यात दोन जोड्या असतात. एका जोडीवर त्यांचा फोन चालतो. दुसरी त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या डबीत नुसती झोपलीय. तुमच्या या कोठीच्या पलीकडेच डबी आहे. भिंतीला एक भोक पाडा, जोडी इकडं घ्या. तार घरात आली की मी लिहिणार, 'घरात आधीपासून तार आहे.' आकार माफ."

"मग पाडा की भोक," लेक म्हणाली.

"भिंत सामाईक. डबी त्यांच्या बाजूला. त्यांनी हो म्हणायला हवं. मी लगेच जातो नि विचारतो…"

"तुम्ही नको," आई घाईघाईनं म्हणाली. तारवाल्यानं विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत चार गावांना कळलं असतं. तिनं लेकीकडे पाहिलं. "तू जा. तू इथं राहत नाहीस. तुला शपथ लागू नाही."

लेक गेली. काकूनं दार उघडलं आणि हात तोंडावर ठेवला. लहानपणी हिच्या हातून किती वेळा वेणी घालून घेतली होती, ते लेकीला त्या क्षणी आठवलं. काकूनं तिला आत घेतलं, पाट दिला, पाणी दिलं. पण बोलली ती दाराशी बसलेल्या मांजरीशी.

"मने, विचार तिला, चहा टाकू का?"

"टाक म्हणावं, मने," लेक म्हणाली.

"मने, तिला म्हणावं, किती वाळलीयस गं. आणि तिची आई जेवते का वेळेवर?"

"मनीला म्हणावं, कांदे फेकण्याइतकी ताकद आहे अजून."

काकू हसली आणि हसता हसता डोळे पुसले. "मने, रोज तीन तरी येतात. मी चांगला भाग कापून घेते."

घुम्याकाका मागल्या दारी दोरी वळत बसले होते. लेकीनं सगळं सांगितलं. खांब, डबी, जोडी, भोक. 'भोक' शब्दाला त्यांचे हात थांबले.

"भिंतीला हात लावायचा नाही."

"काका, बोटभर भोक आहे."

"नाही."

"आई एकटी आहे तिथं."

काका खाली बघत राहिले. दोरीचा पीळ हातातल्या हातात उलगडत गेला. मग म्हणाले, "आकार किती आहे?"

तिनं आकडा सांगितला.

"मी भरतो. खांब रोवून घ्या."

लेक बघतच राहिली. बैलाच्या निम्म्या किमतीवरून ज्यानं भावाशी बोलणं टाकलं, तो दोन खांबांचे पैसे भरायला निघाला होता.

"कशाला, काका?"

"भरतो म्हटलं ना." ते उठून गोठ्यात गेले आणि दार लोटून घेतलं.

* * *

"माशी शिंकली," आई म्हणाली. "म्हटलं नव्हतं तुला? जो बोरीची बोरं मोजून खातो तो एकदम दानशूर झाला? त्या भिंतीत काहीतरी आहे. नाहीतर त्या वैरणीत. त्या दिवशी त्याचा हात तिथंच होता."

"काय असणार?"

"ते वैरण काढल्यावर कळेल."

लेकीला हे पटत नव्हतं आणि पटतही होतं. काकांनी नुसतं 'पाडा भोक' म्हटलं असतं, तर तिचा संशय तिथंच निवला असता. पण त्यांचे थांबलेले हात तिनं बघितले होते. चोराच्या मनात चांदणं, असं ती स्वतःशी म्हणाली आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. त्याच माणसाच्या मांडीवर आबांचं डोकं होतं शेवटी.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशी दोघींनी कोठी उपसायला घेतली. पेंढ्या बाहेर, पोती बाहेर, जुना नांगराचा फाळ बाहेर. धुळीनं दोघी खोकत होत्या. तारवाला उत्तर घ्यायला आला तो दारातच थबकला. असलं काही दिसलं की तो हलायचा नाही.

भिंतीच्या पायाशी, पेंढ्यांच्या शेवटच्या थरामागं, एक पत्र्याचा डबा आडवा ठेवलेला होता. बियाणं ठेवतात तसला. आईनं त्याच्यावर अशी झडप घातली, की जणू तो पळून जाईल. झाकण उघडलं.

आत काळा फोन. जुना, आकड्यांची चकती निघालेली. शेजारी कागदात गुंडाळलेले दोन सेल. आणि डब्याच्या मागल्या भोकातून निघून भिंतीत गेलेली तार.

बाहेर कोंबड्या पेंढ्या विस्कटत होत्या.

तारवाला गुडघ्यावर बसला, तार चिमटीत धरून भिंतीपर्यंत गेला. त्याचे डोळे लुकलुकले. "आयला! घरात आधीपासून तार आहे की! आणि ही गेलीय थेट पलीकडे, काकांच्या गोठ्यात. चोरून बोलणं ऐकायचं यंत्र दिसतंय. मी असं एक बघितलंय, सासरा सुनेचं…"

"ऐकत होता!" आई ओरडली. "बघितलंस? आमच्या घरातलं ऐकत होता मेला! म्हणून त्याला आधी कळलं. म्हणून हात घातला होता आत, पुरावा लपवायला. घुम्या! ए घुम्या!"

दहा-बारा वर्षांत पहिला शब्द भिंतीवरून गेला, तो हा.

लेक मात्र डब्याकडे बघत होती. डब्याजवळ, भिंतीला टेकून, एक पोतं घडी करून ठेवलेलं होतं. मधोमध दबलेलं, माणूस रोज बसून बसून दबतं तसं. आणि फोनच्या कानाशी धरायच्या भागावर कोटाच्या कापडाची पट्टी शिवलेली होती, थंडीत कान गार पडू नये म्हणून. तो टाका तिच्या ओळखीचा होता. खोगिराला घालायचा टाका. आबा सगळंच त्या टाक्यानं शिवायचे, तिचं दप्तरसुद्धा.

"आई," ती म्हणाली, "ऐकायचं यंत्र असेल तर त्यात बोलायला जागा कशाला?"

* * *

काका भिंतीवरून आले नाहीत; अंगणाच्या दारानं आले. त्यांच्या मागं काकू, कणकेचे हात तसेच. उपसलेली कोठी आणि उघडा डबा बघून काका दारातच बसले.

"बोला," आई म्हणाली. "आता बोलाच, भावजी."

"वहिनी, मी म्हटलं होतं खांब रोवा."

"खांब गेले खड्ड्यात! ही तार कुणाची?"

काकांनी तारवाल्याकडे बघितलं. तारवाल्यानं नाइलाजानं आकाशाकडे बघितलं, पण कान इकडंच ठेवले.

"आमची," काका म्हणाले. "दोघांची. बैल मेला त्याच्या पुढल्या वर्षी ओढली. कचेरीनं आमचा फोन बदलून दिला, तेव्हा जुना मी ठेवून घेतला. दादानं भंगारातून एक आणला. सेल त्यानंच बसवले. वाजायचा नाही तो. वेळ ठरलेली होती. दिवस मावळताना तो इकडं बसायचा, मी तिकडं."

"म्हणजे तुम्ही," काकूनं सावकाश विचारलं, "बोलत होता?"

"हं."

"रोज?"

"रोज असं नाही. बाजाराच्या दिवशी नाही."

आई खाली बसली, सरळ पेंढ्यांवर. काकू तिच्या शेजारी बसली. शेजारी बसलो हे दोघींच्याही लक्षात आलं नसावं.

"आणि शपथ?" आईनं विचारलं.

"शपथ तोंड बघून न बोलायची होती, असं दादा म्हणायचा. तारेतनं बोलण्याबद्दल काट्यापाशी कुणी काही म्हटलं नव्हतं."

तारवाल्याला हसू फुटलं. लेकीनं बघितल्यावर त्याचं खोकल्यात रूपांतर झालं.

"माझा पाय मोडला होता," काकू म्हणाली. ती काकांशी बोलत नव्हती, आईशी बोलत होती, मांजरीशिवाय. "दोन महिने अंथरुणात होते. ताई, मला तुमच्या पावलांचा आवाज यायचा भिंतीशी. यायचात, थांबायचात, जायचात."

"कण्हणं ऐकू यायचं तुझं. मी ह्यांना म्हटलं, जाऊ का? तर म्हणाले, माझी जीभ झडावी असं वाटतं का तुला?" आईनं डब्याकडे बोट केलं. "आणि स्वतः इथं बसून तुझ्या पायाची चौकशी करत असणार!"

"करायचा," काका म्हणाले. खरं बोलायची ही वेळ नव्हती, हे त्यांना जरा उशिरा कळलं.

"आम्ही दोघी एका विहिरीवरून पाणी आणायचो," आई म्हणाली. "हिच्याशिवाय मी कधी बाजाराला गेले नव्हते. तुम्ही भांडलात, आम्ही पाळलं. तुम्ही मिटवलंत, आम्हाला सांगितलंसुद्धा नाही! काय बोलत होता एवढं?"

"काही नाही. हवापाणी. कधी तो नुसता बसायचा, मीही बसायचो. खोकायचा. मी म्हणायचो, औषध घे."

लेकीनं मान वर केली. "कसलं औषध?"

काका गप्प झाले. हे मात्र घुम्याचं गप्प बसणं नव्हतं. सांगायचं असून तोंड न उघडणाऱ्याचं होतं. लेकीनं पुन्हा विचारलं, अगदी हळू. "काका, कसलं औषध?"

"छातीत कळ यायची. गेल्या कांद्यापासून. डावा हात भरून यायचा. मी म्हटलं, डॉक्टरकडं चल, मी बाहेरच्या बाहेर भेटतो. म्हणाला, कांदा निघू दे. म्हटलं, वहिनीला सांगतो. त्यानं शपथ घातली." ते हाताच्या तळव्याकडे बघत होते. "त्या दिवशी बोलता बोलता थांबला. मी हाक मारली. मग पडल्याचा आवाज आला तारेतनं. मी आलो. फोन त्याच्या हातात होता. तो काढून डब्यात घातला, वर वैरण ओढली. म्हटलं, सगळं गेलं, निदान त्याचा शब्द तरी राहू दे."

ज्या माणसावर आईनं संशय घेतला तो समोर दारात बसला होता, आणि ज्याच्यावर रागवायला हवं होतं तो खुंटीवरच्या कोटाएवढाच उरला होता. तिनं एकदा कोटाकडे बघितलं.

"तुम्हाला सांगितलं," ती म्हणाली. "मला नाही."

"तुम्ही घाबराल म्हणून."

"मग आता काय करतेय मी? नाचतेय?"

काकूनं कणकेचा हात तिच्या पाठीवर ठेवला. कणकेचे ठसे उठले. आईनं ते झटकले नाहीत.

तारवाल्यानं घसा खाकरला. "नाही म्हणजे… माझं काम बघतो. ही तार चांगली आहे. त्या बाजूनं सोडवून डबीतल्या मोकळ्या जोडीला बांधली, की फोन चालू. आकार नाही, काही नाही. फक्त हे मधलं कापावं लागेल. आणि तार कुणी ओढली ते लिहावं लागतं. कचेरीत विचारतात."

म्हणजे गावात कळणार. काट्यापाशी घेतलेली शपथ, दोघा भावांचा ताठा, सगळं संध्याकाळपर्यंत चव्हाट्यावर. काकांनी मान खाली घातली. मग उठून उभे राहिले.

"लिही," ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की गावात त्यांचा तेवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "दोघा भावांनी ओढली म्हणून लिही. आणि सांगायचं तर सांग. थोडं वाढवून सांग."

तारवाल्यानं खिशातून पक्कड काढली. तार कापायच्या आधी लेकीनं तो फोन उचलून एकदा कानाला लावला. कापडाची पट्टी कानाला मऊ लागली. आत काही नव्हतं. विहिरीत वाकून बघितल्यावर येते तशी पोकळी. तिला काही ऐकू यावं अशी अपेक्षाही नव्हती. तरी तिनं तो खाली ठेवायला वेळ घेतला.

"आई, कापू दे ना त्यांना? नाहीतर ठेवू, आणि खांबाचं बघू काहीतरी."

"काप म्हणावं," आई म्हणाली. "आम्हाला बोलायला तार लागत नाही. तोंडं आहेत आम्हाला." आणि काकूकडे वळून, "तू गं, माझे कांदे कापून खातेस म्हणे?"

"नासक्यात अर्धा चांगला असतो, ताई. तुम्हीच घाई करता."

* * *

लेक शहरात परतली. नव्या फोनचा नंबर तिनं पाठ केला, आणि काकांच्या फोनचाही. दर रविवारी ती आईला फोन करायची. आई फोनमध्ये ओरडून बोलायची, शहरापर्यंत हाकच पोचवायची असल्यासारखी. एका रविवारी लेकीनं विचारलं,

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!"

"आवाज का बसलाय?"

"कांद्याची धूळ."

"कांदा तर विकला ना सगळा?"

"मिरचीची धूळ," आई म्हणाली. "तू तुझं बघ. ठेवते, दूध उतू चाललंय."

लेकीनं फोन खाली ठेवला. दुधाची वेळ नव्हती ती. खिडकीशी जाऊन ती रस्त्यावरची माणसं बघत राहिली. आबासुद्धा दर पत्रात शेवटी लिहायचे, इकडे सर्व ठीक. ती मागं वळली आणि दुसरा नंबर फिरवला.

"काकू, मी. खरं सांग. आईला काय होतंय?"

"काही नाही गं," काकू म्हणाली. मग तिचा आवाज फोनच्या जवळ आला. "विहिरीवर दोनदा चक्कर आली. काल खालीच बसली. मला शपथ घातलीय तिनं, लेकीला सांगायचं नाही म्हणून. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून."

"मग?"

"मग काय? एकदा पाळली ना शपथ या घरानं. बघितलं काय झालं ते. म्हणून पहिलं तुलाच सांगतेय. मी तिला उद्या डॉक्टरकडे नेणार होतेच, पण माझं ऐकायची नाही. तू आलीस तर…"

मागून, भिंतीपलीकडून, आईचा बसका, पण चढा आवाज आला. "कुणाशी बोलतेयस गं?"

"राँग नंबर, ताई!" काकू ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "हां, बोल. सकाळच्या गाडीनं येतेस ना?"